इथं कोण मोठं शिकलं?

जुनी शाळा राखायची म्हटलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इथं कोण मोठं माणूस शिकलंय?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्यानं आजवर पाहिलंय ते तसंच आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव पडलं, म्हणून ते रजिस्टर जिवापाड जपलं गेलं आणि तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजकोटचं आल्फ्रेड हायस्कूल २०१७ मध्ये बंद झालं आणि दुसऱ्याच वर्षी तिथं संग्रहालय उघडलं, कारण त्या शाळेत मोहनदास गांधी शिकले होते. ज्या शाळेला असं कोणाचं नाव चिकटलं नाही, तिची किंमत शेवटी कौलं, वासे आणि दगड यांच्या लिलावात लागते तेवढीच.

हा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. आमच्या केंदूर-पाबळच्या पट्ट्यात तर तो जास्तच टोचतो.

केंदूर हे शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं गाव. वेळ नदीचं खोरं, थिटेवाडीचा बंधारा, आणि तरीही पावसानं कायम ओढ दिलेली. वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते कान्होराज महाराज पाठकांमुळे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे ताम्रपटामुळे. बदामीच्या चालुक्य घराण्यातला दुसरा कीर्तिवर्मा, शके ६७२, म्हणजे इसवी सन ७५०. के. बी. पाठकांनी तो ताम्रपट 'एपिग्राफिया इंडिका'त छापला आणि तेव्हापासून दख्खनच्या इतिहासावरच्या पुस्तकांच्या तळटीपांत 'केंदूर ताम्रपट' हा उल्लेख येत राहिला. कीर्तिवर्म्याचा बाप दुसरा विक्रमादित्य पल्लवांच्या कांचीत शिरला आणि तिथल्या देवळाची संपत्ती लुटण्याऐवजी त्यानं देवाला परत केली, हे त्यात लिहिलेलं आहे. एवढ्या दूरच्या कांचीची हकीकत या मातीत सापडली याचा अभिमान वाटतोच. पण त्या पत्र्यांवर नाव कोणाचं आहे? राजाचं, त्याच्या बापाचं, आज्याचं. त्या साली ही जमीन नांगरणाऱ्या माणसाचं नाही.

याच तालुक्यात दुसऱ्या टोकाला, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथं राजा नव्हता, शिलालेख नव्हता, एकाही माणसाचं नाव हाती लागलं नाही. हाती लागल्या त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या घरांच्या जमिनी, चुली, बळदं, जवाचे दाणे, आणि घराच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून पुरलेली लहान मुलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारख्या जाणत्यांनी त्या चुलींवर आणि दाण्यांवर आयुष्याची वर्षं घालवली, कारण साधी माणसं कशी राहिली, काय खाल्लं, लेकरं गेली तर काय केलं, हे कळणं त्यांना राजाच्या वंशावळीइतकंच मोलाचं वाटलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक शेतकऱ्याची चूल आपण जपून पुण्याला नेतो. मग ज्यांची नावं, गावं, वयं, इयत्ता सगळं शाईनं लिहून ठेवलेलं आहे, त्या आपल्या आज्या-पणज्यांच्या शाळेला 'कोण मोठं शिकलं' ही अट कशासाठी?

आमची शाळा लोकल बोर्डाच्या काळातली. म्हातारी माणसं आजही तिला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. काळ्या घडीव दगडाच्या जाड भिंती, चुन्याच्या दरजा, वर सागवानी वासे आणि मंगलोरी कौलं, पुढं लांब पडवी, पडवीला लाकडी खांब. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला. मे महिन्यातही आत गारवा असायचा. अशा शाळा घाटापासून मराठवाड्याच्या हद्दीपर्यंत अजून शेकड्यांनी उभ्या असतील, आणि त्या सगळ्या सरकारनं कृपा म्हणून बांधून दिल्या असा एक समज आहे. तो खरा नाही. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल व्हायला लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडं जायचा, असं ठरलं. म्हणजे पैसा कुणब्याच्या खळ्यातून गेलेला. १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं याच पैशावर बोट ठेवलं : कर शेतकरी भरतो आणि शिक्षण वरच्या जातींच्या पोरांना मिळतं. शेतकऱ्याच्या पोराला मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, आणि गुरुजी असा असावा की ज्याला नांगराच्या रुमण्याला हात लावायची लाज वाटणार नाही, हे त्यांचं मागणं होतं. पुढं १९२३च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती आल्या, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या, पाट्या बदलल्या. दगडाच्या भिंतीत मात्र तोच आणा आहे. त्यामुळे ही इमारत कोणाची, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे.

पण इमारतीपेक्षा मोठी ठेव कपाटात आहे. मुख्याध्यापकबाईंनी एकदा मला जनरल रजिस्टर पाहू दिलं. कपाट गोदरेजचं, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, खालच्या कप्प्यात तांबड्या कापडात बांधलेली चार जाडजूड बाडं. सगळ्यांत जुन्याचे पहिले काही ताव मोडीत, पुढं बाळबोध. अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. रकाने लाल शाईनं आखलेले, मजकूर निळ्या-काळ्या शाईत, टाकाचा फराटा कुठं जाड कुठं बारीक. पानांच्या कडा तपकिरी होऊन तुटायला आलेल्या. बाई म्हणाल्या, "हळू हं, पान नुसतं उचलू नका, खालून तळहात द्या." त्यांनी स्वतः तसं करून दाखवलं.

आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सापडले. जन्मतारीख १ जून. त्यांच्या वरच्या मुलाची १ जून. खालच्या दोघांची १ जून. पान उलटलं, तिथंही १ जून. खेड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगायला नको. आई पोराला घेऊन यायची, गुरुजी विचारायचे कधीचा जन्म, आई सांगायची, थोरल्या दुष्काळानंतरच्या आखाडात, नाहीतर बैल दगावला त्या साली. गुरुजी पोराच्या तोंडाकडं बघायचे, मनाशी हिशेब करायचे आणि शाळेला सोयीची तारीख टाकायचे. पुढं त्यातली जी पोरं नोकरीला लागली ती सगळी ३१ मे ला निवृत्त झाली. आजही त्या तारखेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते, तिची सुरुवात अशा पानांवर झालेली आहे. ज्या माणसाला आपण जन्मलो कधी हे ठाऊक नव्हतं, त्याला सरकारदरबारी पहिल्यांदा जन्म मिळाला तो या खोलीत.

कारणांचा रकाना मात्र मला वाचवेना. 'गुरे राखणे.' 'शेतीकाम.' 'परगावी गेल्यामुळे.' 'सतत गैरहजर सबब नाव कमी.' आप्पांच्या नावापुढं 'शेतीकाम' आहे, इयत्ता तिसरी. आप्पा आयुष्यभर सही करताना प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत काढत. ती अक्षरं तिसरीची होती, हे मला त्या दिवशी कळलं. मुलींची नावं पहिल्या बाडात हाताच्या बोटांवर. माझ्या चुलतआत्याचं नाव दुसऱ्या बाडात आहे. बिगरीत दाखल, त्याच वर्षी नाव कमी. कारणाचा रकाना कोरा. गुरुजींना लिहावंसं वाटलं नसेल किंवा लिहिण्यासारखं काही वाटलंच नसेल.

हेच रजिस्टर अलीकडे एकदम भाव खाऊन गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींचा शोध जुन्या महसुली कागदांबरोबर शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांतही सुरू झाला. ज्या कपाटाकडं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्यापुढं माणसं उभी राहिली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. मोबाइलवर पानांचे फोटो निघाले. आरक्षणाच्या त्या राजकारणाच्या कोणत्याही बाजूला माणूस असो, एक गोष्ट सगळ्यांना दिसली : आपण कोण, हे सांगणारा कागद गावात आहे, आणि तो शाळेत आहे. मला वाईट वाटलं ते याचं की आपल्याला हवी ती ओळ सापडली की बाड पुन्हा आदळून मिटलं जायचं. त्या घाईत काही पानं सुटली. एकाला कोणीतरी सेलोटेप लावून ठेवलीय. हेतू चांगला, पण ती टेप काही वर्षांत पिवळी पडते, कागद खाते आणि अक्षरासकट निघते. पेशवे दफ्तरातले कागद दोन-अडीचशे वर्षं टिकले ते सुती रुमालांत बांधून, कोरड्या जागी ठेवून. आपल्याला याहून अवघड काही करायचं नाही. पानन् पान नीट स्कॅन करायचं, मूळ बाडाला सारखा हात लावायचा नाही, स्वच्छ सुती कापडात बांधायचं, वाळवी आणि ओल यांच्यापासून लांब ठेवायचं. आणि हे सगळं ठेवायला कोरडी खोली हवी. म्हणून मला ती इमारत हवी आहे.

इमारतीला सध्या जो शब्द लागू झालाय तो आहे निर्लेखन. जिल्हा परिषदेच्या शाळेशी ज्याचा संबंध आला त्याला तो माहीत असतो. अभियंता पाहणी करतो, इमारत धोकादायक ठरते, निर्लेखनाचा प्रस्ताव वर जातो, मंजुरी आली की साहित्याचं मूल्यांकन, मग जाहीर लिलाव आणि जेसीबी. जुनी खोली हिशेबातून गेल्याशिवाय नवीन खोलीला पैसे मिळणं अवघड, म्हणून शाळेलाही घाई असते. ती घाई मी नाकारत नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. त्या बातमीनंतर जुन्या छताखाली मुलं बसवा असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही, आणि होऊही नये. पोरांना पक्की, उजेडाची, नवी खोली मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की धोकादायक म्हणजे पाडायलाच हवी असं नाही. मुलं बाहेर काढल्यावर तिची दुरुस्ती करता येते, आणि वर्गासाठी नाही तरी संग्रहालयासाठी ती पुढं शंभर वर्षं उभी राहू शकते.

अशा इमारती मोडतात त्या म्हातारपणानं कमी, चुकीच्या औषधानं जास्त. दगडाच्या भिंतीला चुन्याच्या दरजा असतात तेव्हा भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. कोणीतरी निधी संपवायला तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो, ओल आत कोंडते, खार फुटतो, दरजांचा भुगा होतो. त्यावर ऑइल पेंट आणि बोलक्या भिंती. बोलक्या भिंतींनी पोरांचं भलं केलं असेल, दगडाचा मात्र श्वास बंद केला. कौलांचं तर साधं आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ करायचा. हे थांबलं की पाणी वाशाच्या टोकाशी मुरतं, तिथं वाळवी लागते, आणि चार पावसाळ्यांत इमारत 'धोकादायक' होते. हे काम जाणणारे गवंडी आणि सुतार अजून आहेत, पण साठीच्या पुढचे. आणि शिकणारी पोरंही लांब नाहीत. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विचारानं, की पोरानं हातानं काम करत शिकावं. तिथली मुलं घुमट उभारतात, वेल्डिंग करतात, बांधकाम करतात. चुना कसा भिजवायचा आणि वासा कसा बदलायचा हे एका जुन्या शाळेवर शिकायला मिळालं, तर याहून चांगला धडा कोणता?

गावातल्या गावात संग्रहालय होत नाही, असंही ऐकू येतं. धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या व्यापाऱ्यानं गावात, शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या मण्यांना, मातीच्या मूर्तींना, नाण्यांना भंगारात जाऊ दिलं नाही. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचं आज त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे, आणि सातवाहन काळ अभ्यासणाऱ्याला तेरला जावंच लागतं. एका दुकानदाराला जे सुचलं ते आपल्याला सुचायला काय हरकत आहे? उलट उशीर झाला की काय होतं तेही पुण्यात दिसलं. १८४८ साली जिथं मुलींची शाळा भरली तो भिडे वाडा वर्षानुवर्षं खटल्यात अडकला आणि निकाल लागून डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला तेव्हा तो जपण्याच्या पलीकडं गेलेला होता. आता तिथं स्मारक होईल, भव्यही होईल, पण सावित्रीबाई ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या तो उंबरा त्यात नसेल.

एका गोष्टीची मला धास्ती आहे, ती इथंच सांगून टाकतो. कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा वाड्या-वस्त्यांवर किती घबराट झाली ते आम्ही पाहिलंय. उद्या कोणी म्हणेल, बरं झालं, शाळा बंद करा आणि संग्रहालय करा. त्याला माझा साफ विरोध आहे. चालती शाळा हवी, आणि तिच्या आवारात जुनी इमारत हवी. मधल्या सुट्टीत पोरांनी पडवीत येऊन आपल्या खापरपणज्याचं नाव शोधावं, मोडीतलं 'श्री' गिरवून बघावं, यासाठी हे सगळं. पोरंच नसतील तर ती बाडं पुण्याच्या एखाद्या दफ्तरात ठेवलेली काय वाईट?

संग्रहालयात काय मांडायचं यावर गावात बोलणं सुरू झालं की पाट्या, दौत, लेझीम, जुनी घंटा, नकाशे, पृथ्वीचा गोल ही यादी पटकन होते. पडवीशी आलं की बोलणं अडतं. पडवीत कोण बसायचं हे सगळ्यांना माहीत आहे. आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय : वर्गात बसायला वेगळं गोणपाट, ते झाडणारा शिपाईही त्याला शिवणार नाही, म्हणून रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं, आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी, एरवी तहानलेलं राहायचं. रावबहादूर बोल्यांच्या ठरावानं ऑगस्ट १९२३ मध्ये सरकारी पैशातल्या शाळा, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या झाल्या त्या कागदावर. पडवी रिकामी व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. माझा आग्रह आहे की पडवीत गोणपाटाचा एक तुकडा अंथरावा आणि त्याच्याशेजारी रजिस्टरातली ती नावं मोठ्या अक्षरांत लावावीत. "जुनं कशाला उकरायचं, गावात आता सगळे गुण्यागोविंदानं राहतात," असं एक आजोबा म्हणाले. त्यांना मी मान देतो, पण मला ते पटलं नाही. ज्यांनी गोणपाटावर बसून बाराखडी पुरी केली त्यांनीच या शाळेत सगळ्यांत अवघड शिक्षण घेतलं. कोण मोठं शिकलं, असं विचारणाऱ्याला मी आधी पडवीत नेईन. आणि तिथून माझ्या चुलतआत्याच्या कोऱ्या रकान्याकडं.

यासाठी सरकारी मंजुरीची वाट बघत बसायची गरज नाही. मंजुरी लागेल ती इमारतीला. ग्रामसभेचा ठराव करून निर्लेखन थांबवण्याची मागणी करावी लागेल, वास्तू जाणणाऱ्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी लागेल, त्याला वेळ लागेल. पण माणसांना तेवढा वेळ नाही. बोर्डाच्या शाळेत शिकलेले आता सत्तरीच्या पुढं आहेत. जत्रेला सगळं गाव येतं, पुण्या-मुंबईची माणसंही येतात. यंदा देवळापुढच्या मांडवात एक टेबल ठेवू, शाळेचे जुने गटफोटो मोठे करून भिंतीला लावू, आणि ज्यांचे डोळे अजून चालतात त्यांना ओळख पटवायला बसवू : मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हा टोपीवाला कोणाचा, ही एकटी मुलगी कोण. सांगतील ते नववी-दहावीच्या पोरांनी मोबाइलवर टिपून घ्यावं. बाई रजिस्टरच्या पानांच्या छापील प्रती देणार आहेत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी येतो म्हणालेत. त्यांच्या येण्याजाण्याची सोय तेवढी करायची राहिली आहे.